तंबूची यादी

३ मार्च, सोमवार

माझ्या सात पानी आराखड्यावर नवऱ्याने आज गरम पातेलं ठेवलं. चौथ्या पानावर गोल डाग, नेमका 'प्रथमोपचार' या शीर्षकावर. जाब विचारला तर म्हणतो, "अगं, मला वाटलं रद्दी आहे." शीर्षकं, उपशीर्षकं, दोन्हीकडे समास — रद्दी अशी दिसते? आणि हा माणूस घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो! लोक सूचना वाचतात या भरवशावर ज्याची चूल पेटते, त्याला बायकोची सात पानं वाचवत नाहीत.

पुन्हा छापलं. आता प्लास्टिकच्या पाकिटात.

बेत असा. बावीस मार्च, शनिवार. थीम पार्कच्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री, झाडांखाली तंबूत, सासूबाई धरून आम्ही चौघं. आयुष्यातला पहिला तंबू. याआधीचे चार बेत माझ्यामुळे मोडले. चारही वेळा हॉस्पिटल. चारही वेळा कारण खरं होतं, हे इथे स्वतःपुरतं नोंदवून ठेवते. भूल द्यायला माणूस नसेल तर शस्त्रक्रिया होत नाही. सहल एका माणसाविना होऊ शकते. तरी दरवेळी ते तिघंही गेले नाहीत. हे मात्र माझ्याच खात्यावर मांडलं जातं.

बटणला बातमी सांगितली. बटण म्हणजे आमची नऊ वर्षांची मुलगी. रांगत असताना आजीच्या शिवणाच्या डब्यातलं बटण गिळलं, तेव्हापासून हेच नाव. तिने चित्र रंगवता रंगवता मान न उचलता म्हटलं, "तू नाही येणार." तक्रार नव्हती त्यात. उद्या ऊन पडेल, असं कोणी सांगावं तसं.

मी येणार. रजेचा अर्ज आजच लेखी दिला आहे आणि त्याची पोचही घेतली आहे.

५ मार्च, बुधवार

रिसॉर्टच्या आरक्षणवाल्याला तीन फोन. तंबूपासून स्वच्छतागृह किती लांब, एवढा साधा प्रश्न. पहिल्यांदा म्हणाला, "जवळच आहे, मॅडम." जवळ हे अंतर नव्हे, मत आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, "दोन मिनिटं." तिसऱ्या फोनला वैतागून स्वतः चालत गेला आणि म्हणाला, "एकशेचाळीस पावलं."

"तुमची उंची किती?"

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही खोलीच का नाही घेत?"

८ मार्च, शनिवार

सकाळी टेबलाभोवती बैठक. ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही करतो तीच पद्धत: चीर देण्याआधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं, एकाने यादी मोठ्याने वाचायची, ज्याची बाब त्याने उत्तर द्यायचं. सोपं आहे. माणसं वाचतात याने.

"खुंट्या?" "झालं." "हातोडी?" "झालं." "विजेऱ्या, सुटे सेल?" "झालं." नवरा प्रत्येक 'झालं' खिडकीबाहेर बघत म्हणत होता. नंतर तपासलं तर हातोडी घरात नाहीच. गेल्या वर्षी शेजारी दिलेली आहे.

सासूबाईंना यादीवर सही मागितली तर म्हणाल्या, "कुठे करू, डॉक्टरीणबाई? भूल देण्याआधी की शुद्धीवर आल्यावर?" नवरा हसला. बटण हसली. मी हसले नाही.

बाविसावी बाब: रात्री कोणाकोणाला उठावं लागतं? एकशेचाळीस पावलांचा अंधार आहे. सोबत कोणी जायचं ते आधी ठरवायला हवं.

"म्हातारीचं वय काढतेस का?" सासूबाई.

"आई, मी सगळ्यांना विचारतेय. बटण?"

"नाही," बटण म्हणाली. माझा प्रश्न संपायच्या आत.

बाविसावी बाब: निरंक. पुढे गेले.

९ मार्च, रविवार

तंबूबरोबर आलेली पुस्तिका नवऱ्याने उघडलेली नाही. पाकिटाची चिकटपट्टी अजून तशीच.

१२ मार्च, बुधवार

संताप लिहूनही उतरेल असं वाटत नाही.

दुपारी आरक्षणवाल्याचा फोन. "मॅडम, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे तंबू रद्द करून खोली दिली आहे. चार वेगळे पलंग, आतच बाथरूम." कोणते साहेब? आमचे! परस्पर! माझ्या सहीच्या आरक्षणात!

घरी येऊन समोर उभी राहिले. "का?"

"खोली बरी पडेल."

"कोणाला?"

"आईला. कंबर धरते तिची."

तिथल्या तिथे सासूबाईंना विचारलं. "हो गं, फार धरते," असं म्हणत त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला. मग चूक लक्षात येऊन तो हळूच वर सरकवला. मी एकवीस वर्षं वैद्यक केलं आहे. मला बनवायचं तर निदान शरीररचना पाठ करून बसा.

कट आहे हा. मी काही ठरवलं की ते मोडायचं, हा या मायलेकरांचा जुना विरंगुळा. वर बटणसुद्धा, "खोलीच छान आहे." पढवलेलं बोलणं मला कळतं.

पुन्हा फोन करून तंबू घेतला. आरक्षणवाला म्हणाला, "तुम्ही दोघं एकदा आपसांत बोलून घ्याल का?" आगाऊ माणूस.

१४ मार्च, शुक्रवार

थिएटरमध्ये आज एक चांगली गोष्ट घडली. यादी वाचली जात असताना दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली सिस्टर मध्येच म्हणाली, "थांबा." कागदावर डावा गुडघा, रुग्णाच्या पायावर खूण उजवीकडे. मोठे सर्जन तिच्यावर खेकसले, "कालची पोर तू, मला शिकवतेस?" मी मधे पडले. म्हटलं, "सर, यादी तुमच्यासाठी नसते. तिला तोंड उघडता यावं म्हणून असते." तपासलं; गुडघा डावाच होता.

घरी हे सांगितलं. सासूबाई टेबल पुसता पुसता थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुसू लागल्या. कौतुक करायला जीभ जड होते यांची.

१५ मार्च, शनिवार

गच्चीवर रंगीत तालीम. तंबू मी एकटीने अठरा मिनिटांत उभा केला. नवरा दोरी धरून उभा होता, तीही चुकीची.

बटणला म्हटलं, स्लीपिंग बॅगेत शिरून बघ, पाय पुरतात का. शिरेना. समजावलं. शिरेना. नवरा म्हणतो, "राहू दे ना." मी म्हटलं, राहू दे राहू देनेच ही वेळ आली आहे. तिचा हात धरला तर एकदम ओरडली, "मला यायचंच नाही तुझ्या तंबूत!"

"मग मी रजा कोणासाठी घेतली?"

"तुला कोणी सांगितली होती?"

खाली पळाली. तिच्या मागे नवरा. त्याच्या मागे, त्या कंबर धरलेल्या सासूबाई, एकेका ढांगेत दोन पायऱ्या.

मी तंबू उतरवला, घडी घातली, पिशवीत भरला. चौदा मिनिटं. कोणी वर आलं नाही.

मूल हट्टी झालं आहे. लाडावून ठेवलं आहे. दोन दिवस माझ्या हाती द्या, सरळ करते — असं संध्याकाळी बोललेही. नवरा म्हणाला, "तीच तर भीती आहे तिला." आणि काम आहे म्हणून उठून गेला.

१७ मार्च, सोमवार

सकाळच्या दोन्ही शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. साडेदहालाच घरी पोचले.

बटणच्या खोलीत तिची ओली गादी भिंतीला उभी लावलेली. समोर स्टुलावर टेबलफॅन, पूर्ण वेगात. नवरा बाथरूममध्ये पाटलोण दुमडून चादर पिळत होता. सासूबाई इस्त्री करत होत्या, तशीच दुसरी चादर, तेच निळे मासे. मला वाटायचं चादर एकच आहे. तीन निघाल्या.

कोणी दचकून काही सांडलं नाही. सरावाची कामं होती.

"कधीपासून?"

"दीड वर्ष," नवरा म्हणाला. "रोज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा."

दीड वर्ष! मी डॉक्टर आहे. मी आई आहे. क्रम कोणताही लावा, मला पहिलं कळायला हवं होतं. नवऱ्याला माहीत, सासूबाईंना माहीत, वर्गशिक्षिकेला माहीत, गादी शिवणाऱ्यालाही माहीत, कारण खालून मेणकापड त्याने लावून दिलं. गादीवाल्याला माहीत!

"मी रोज विचारते तिला. झोप नीट झाली का म्हणून."

"विचारतेस. आणि तिने तोंड उघडायच्या आत गाडीची किल्ली शोधायला लागतेस."

"तू सांगायचंस मग!"

"तिला शब्द दिला होता." चादर पिळतच होता. "ती म्हणाली, आईला सांगू नका. आई यादी करेल."

मी काय बोलले ते लिहीत नाही. बरंच बोलले. सासूबाईंनी इस्त्री बंद केली, पण खोलीबाहेर गेल्या नाहीत.

१८ मार्च, मंगळवार

राग जसाच्या तसा आहे.

असं शेकड्यात काही मुलांना होतं. या वयात वर्गात एखादं तरी असतं. बहुतेकांचं आपोआप थांबतं. मुलाचा दोष नसतो, रागावू नये, एकदा तपासून घ्यावं. कोणत्याही परक्या बाईला मी हे दोन मिनिटांत सांगते, आणि चांगलं सांगते. बायका जाताना हात धरतात माझा.

दुपारी मोकळा वेळ होता. पाणी किती वाजेपर्यंत, कोणत्या चाचण्या, तंबूत काय काय लागेल. लिहून झाल्यावर पाहिलं: अकरा बाबी, क्रमांक घातलेले, वर बटणचं नाव, खाली रेघ.

कोणी आपल्याला चुकीचं ओळखलं तर भांडता येतं. बरोबर ओळखलं तर काय करावं?

कागद हॉस्पिटलमध्येच फाडला. घरच्या टोपलीत नको.

२० मार्च, गुरुवार

सकाळी विभागप्रमुखांचा फोन. शनिवारी माणूस कमी आहे, येता का? "तुमची रजा आहे हे माहीत आहे, पण बघा." उद्यापर्यंत कळवते म्हणाले.

चहाच्या वेळी हे घरात सांगितलं आणि तिघांचे चेहरे पाहिले. बटणच्या खांद्यांवरून कोणीतरी दप्तर उतरवावं तसे ते खाली आले. नवऱ्याने घाईघाईने बिस्किटाचा डबा उघडला. माझ्या न जाण्याने माझ्या घरात सुटका होते! चार वेळा मी अपराधी वाटून घेतलं. चारही वेळा आतून कोणीतरी हुश्श केलं असेल का?

नंतर सासूबाई माझ्या मागोमाग खोलीत आल्या. "जा हॉस्पिटलला. कोणी बोल लावणार नाही. सवय आहे सगळ्यांना."

"टोमणा मारताय."

"मारतेय. लागला तर बरंच आहे." पलंगावर बसल्या. "अगं, पोरीला तंबूची भीती नाही. त्यात तुझ्याशेजारी सकाळ होईल, त्याची आहे. आता तू ठरव, रद्द कोणासाठी करायचंय. तिच्यासाठी की तुझ्या नाकासाठी?"

"तुम्ही दीड वर्ष खोटं बोललात माझ्याशी."

"बोलले. कंबरेचं तर फारच वाईट बोलले."

हसू आलं नाही. येता येता राहिलं.

सोप्यात सोपं म्हणजे 'येते' असं कळवणं. कोणी दुखावणार नाही, कोणी विचारणार नाही, आणि बटणचं म्हणणं पुन्हा एकदा खरं ठरेल.

२१ मार्च, शुक्रवार

'येणार नाही' असं विभागप्रमुखांना कळवलं.

मग बटणच्या खोलीत गेले. हातात कागद नव्हता, ते तिने आधी पाहून घेतलं. तिला सांगितलं की माझं हे अकराव्या वर्षापर्यंत चाललं होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली. नवऱ्यालाही हे माहीत नाही. इथेही आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तिने मासे असलेली चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. "मग गादी कोण वाळवायचं?"

"मीच. सगळे उठायच्या आत उलटी करून ठेवायचे. कोणाला कळलं नाही कधी."

"एकटीच?" ती म्हणाली. मग जरा सरकून मला बसायला जागा केली. "मला तर बाबा आहेत."