बॅटीची काळी बाजू

५ मार्च

रागाच्या भरात टेबल टेनिसची बॅट टेबलाच्या कडेवर आपटून निघून जायचं, आणि मग लांब बसून लिहायचं की आजी, तेवढी पाठवून दे. पाठवू काय, कपाळ? दोन्ही रबरं उचकटून कुत्र्याच्या कानासारखी लोंबतायत!

चि. भिंगरीस आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे, विचारलं नाहीस तरी सांगते. निवडीच्या सामन्यात हरलीस तर क्लब ठेवून घेणार नाही म्हणतेस. तुझ्या बापाचं म्हणणं, मग निमूट घरी यायचं आणि त्याच्या शिंपीकामाच्या दुकानात काजं-बटणं करायची. तू गेल्यापासून त्याच्या तोंडाला कुलूप आहे. तुझं पत्र आलं की नेमकी त्याला कात्रीला धार लावायची असते.

बॅटीची लाल बाजू मळकी होती म्हणून कपड्याच्या साबणाने खसाखसा घासून उन्हात ठेवली. आरशासारखी चकाकतेय. आता चिकटवू कशाने? खळ चालेल का?

शिव्या घालणारी का होईना, तुझीच,
आजी

१० मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

साबण? ऊन? अगं, ते रबर आहे, पायपुसणं नव्हे! चकाकलं म्हणजे मेलं. रबराने चेंडूला धरायचं असतं, तेव्हा तो गिरकी घेतो. काळी बाजू तरी वाचव, क्लबातली उसनी बॅट हाताला बसत नाही.

खळ नको. खेळाच्या दुकानातून पांढरा गोंद आण. जुना गोंद बोटाने चोळ, वळकट्या होऊन निघतो. मग लाकडावर आणि रबराच्या पाठीवर पातळ हात दे आणि पूर्ण वाळू दे. वाळल्यावरच तो चिकटतो. रबर मुठीकडून लावत जा, वरून लाटण्यासारखी बाटली फिरव, पण रबर ताणू नकोस. फाटकी कड पात्याने सारखी कर.

बाबांना कळू देऊ नकोस. मी हरायचीच वाट बघत असतील.

गोंद पातळ लाव, माया मात्र दाटच राहू दे.

भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

वाळल्यावर चिकटणारा गोंद जन्मात पाहिला नव्हता. लाल बाजू मी बसवली. ताणू नको म्हणालीस, पण ताणली गेलीच, आणि बाहेर आलेली कड कापताना उंदराने कुरतडल्यागत झाली. हात थरथरतो, त्याला मी काय करू? कंटाळून काळी बाजू तशीच टेबलावर टाकली आणि बाजारात गेले. आता तीही झालीय. कशी झाली ते विचारू नकोस. बॅट पार्सलने पाठवतेय, खेळ.

आठवण काढत जा, रडत बसू नकोस.

आजी

२४ मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

जिंकले! क्लबाने ठेवून घेतलं! तुझ्या मेलेल्या लाल बाजूनेच समोरच्या पोरीचा घात केला. ती जीव तोडून चेंडूला गिरकी द्यायची, आणि लाल रबराला लागला की तो मुका होऊन परत जायचा. तिला काही कळेचना. ती गडबडली की मी काळ्या बाजूने फटका हाणायची. पंच तुझी लाल कड बघून हसले, पण बॅट चालेल म्हणाले.

पण आजी, ती काळी कड! कॉलर कापावी तशी एका दमात घेतलेली. फाटलेल्या जागी इवलासा तुकडा असा जोडलाय की बोटालाही लागत नाही. तुझा हात थरथरतो. आपल्या घरात असा सफाईचा हात एकच आहे. खरं सांग.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

भिंगरी

२९ मार्च

विचारू नकोस म्हटलं होतं, तरी विचारलंसच.

चि. भिंगरीस आशीर्वाद. बाजारातून आले तर तुझा बाप जीभ दातांत धरून कड कापत होता. मला बघून म्हणाला की आई, तू वाटोळं केलंस, कुणीतरी निस्तरायला हवं. मी त्याला बजावलं की पोरगी जिंकली तर घरी यायची नाही. त्याने मानही वर केली नाही. एवढंच म्हणाला की हरली तर खेळात हरू दे, फाटक्या बॅटीपायी नको.

काल तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. कॉलरीपाशी त्याने मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग विचारतो कसा, जोड टिकला का. मी म्हटलं, मला काय विचारतोस, खेळली तिला विचार. तेव्हा उठून पोस्टकार्ड आणलं. चि. भिंगरीस, एवढं लिहून बसलाय, गाडी पुढे सरकत नाही. शेवटी मी ते हिसकावून या पाकिटात घातलं.

त्याचं उत्तर त्यालाच लिही. मला आलं तर न उघडता परत धाडीन.

आजी