डाव्या हातावरचं चिनी अक्षर

प्रिय धम्मरत्न,

तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. चिनी अक्षरं आणि खाली मराठीत अर्थ: शांती, धीर, आई. "ताई, यातलं एक निवड, पुढच्या महिन्यात हातावर टॅटू काढायचाय." भाजी निवडायला सांगावी तसं! मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते, तुझ्या शांतीवर हळदीचं बोट उमटलं. फोनवरच सांगितलं असतं, पण आईचा विषय निघाला की तुझी नेमकी मीटिंग लागते. म्हणून हे पत्र. हे तुला मध्येच कट करता येणार नाही.

शांती नको. ती काढून तू ट्रॅफिकमध्ये शिव्या देणार, शोभणार नाही. धीर हातावर काढून येत असता तर आपल्या गावातल्या, इंझोरीतल्या सगळ्या बायांचे हात कोपरापर्यंत भरले असते. माझी निवड आई. तुझीही तीच असणार, बाकीची दोन तू मला विचारल्यासारखं दिसावं म्हणून टाकलीस. ओळखून आहे मी तुला.

आपल्या घराला गोंदण नवं नाही. आईच्या हातावर बाबांचं नाव आहे, माणिकराव. लग्नाच्या वर्षी मंगरूळपीरच्या उरुसात मशिनवाल्याकडून काढून घेतलेलं. तेव्हा तिला एक अक्षर येत नव्हतं. त्यानं लिहिलं ते खरं मानून ती कित्येक वर्षं त्या हातानं निंदत-खुरपत राहिली. पुढे पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं आणि वाचायला बसायचे सगळे पुरुष. आपली पाळी का नाही, म्हणून तिनं हट्टानं मुळाक्षरं गिरवली, तुझ्याच पहिलीच्या पाटीवर. तू पाटीसाठी भोकाड पसरायचास. तिनं पहिला सबंध शब्द वाचला तो स्वतःच्या हातावरचा. "खरंच तुमचंच नाव हाय जी!" म्हणून बाबांकडे बघत ती केवढी हसली होती! पुढच्या वर्षावासात तिनं सगळ्या गावासमोर एक पान वाचलं. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, मान ताठ करून.

आता तिच्या आठवणीतलं एकेक चाललंय. बाबा कुठं गेले, हे ती रोज विचारते आणि मी रोज काहीतरी सांगते. मला ती बाई म्हणते. कामाला ठेवलेली बाई असावी तशी, पण प्रेमानं. बुद्धपौर्णिमेला तू आलास तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर सावरला, तुला कपबशीत चहा दिला आणि विचारलं, "तुमी कोनाचे पाव्हने जी?" तू चहा प्यायलास, बॅग उचललीस आणि संध्याकाळच्या बसनं गेलास. अख्खा वर्षावास सरला, पण तू आला नाहीस. मला तुझा राग आला, धम्मा. तुझं काय झालं असेल ते कळतं मला. पण तुला तिनं एकदा ओळखलं नाही. मला ती रोज ओळखत नाही, आणि मी रोज इथंच असते.

माणसं पुसली गेली तरी तिची अक्षरं अजून शाबूत आहेत. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, एसटीची पाटी, साबणाचा कागद, जे दिसेल ते ती मोठ्यानं वाचते. साबण कशाला असतो ते आठवत नाही, नाव मात्र बिनचूक. म्हणून मी हौसेनं तिला तुझं चिनी अक्षर दाखवलं. म्हटलं, तुझ्या पोरानं तुझ्यासाठी निवडलंय. तिनं मोबाईल उलटा धरला, सुलटा धरला, चष्मा पुसला. मग तिचा चेहरा पडला. "हे काहून वाचता येऊन नाई राह्यलं वं बाई मले? हेबी इसरली का मी?" आणि ती रडायला लागली. मी कितीदा समजावलं, की आई, हे तू शिकलीच नव्हतीस, हे आपल्याकडचं नाहीच. तिला पटेना.

तिला गप्प करायला दुसरं काही सुचलं नाही. हजेरीचं बॉलपेन हाताशी होतं, त्यानं मी माझ्या तळहातावर मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं बोट ठेवून वाचलं, सु, के, श, नी. मग हळूहळू मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "सुके, जेवली का वं?" चहा निवेपर्यंत मी तिची मुलगी होते. तेव्हापासून रोज सकाळी नाव लिहिते. कधी जमतं, कधी ती नुसतं वाचून सोडून देते. हे तुला सांगायचं होतं, टॅटू नुसतं निमित्त. तू तुझं चिनी अक्षर खुशाल काढ, छान दिसेल, पण डाव्या हातावर काढ. उजवा हात रिकामा ठेव आणि ये. मी बसथांब्यावर पेन घेऊन उभी राहते.

तुझीच,
सुकेशनीताई