गामतेच्या गोळ्या

तेगुन,

आईच्या अंत्यविधीला तू सगळ्यांसमोर विचारलंस, "ताई, गोळ्या रोज देत होतीस ना?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं.

दर महिन्याला सोलहून तुझी पेटी इथे जेजू बेटावर यायची. स्मृतिभ्रंशावर समुद्री शेवाळाचा अर्क! डॉक्टर म्हणाले होते, अजून हे उंदरांवरच तपासताहेत. तुला तसं सांगितलं, तर म्हणालास, "तू फक्त देत जा." आई कशी आहे, हे एकदाही विचारलं नाहीस.

पहिलीच गोळी तिने फोडून हुंगली. माझं नाव ती तेव्हा विसरली होती, पण पन्नास वर्षं समुद्रात बुड्या मारलेली बाई ती.

"अगं बाई, हे तर गामते! लाटांबरोबर ढिगाने वाहून यायचं. आम्ही सातूच्या शेतात खत म्हणून टाकायचो. कुठल्या खुळ्याने विकत घेतलं?"

"तुझ्या तेगुनने."

ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "तो का नाही आला?"

पुढे पेटी दिसली की तोच प्रश्न, आणि दिवसभर दारात बसणं. तिसऱ्या महिन्यात वैतागून मी गोळ्या बंद केल्या आणि पेट्या लपवायला लागले. त्यानंतर तिने तुझं नाव कधीच काढलं नाही.

गोळ्यांचा गुण आला असता की नाही, मला ठाऊक नाही. पण पेटी पाहून तू तिला आठवायचास. तेवढंही मी बंद केलं, आणि तरी राग तुझाच येतो.

तुझी ताई,
ओकसुन