वहीतलं बीपी

३ फेब्रुवारी, सकाळी ६
मेंदूतल्या रक्तस्रावाला आज दोन महिने. उजवा हात अजून जड, तरी लिहितोय. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, रोज बीपी मोजून वहीत लिहा. १३०च्या वर गेलं तर मेंदूलाही धोका, किडनीलाही. सतरा वर्षं फौजेत काढली, १३० म्हणजे काय चीज आहे? घरात ऑर्डर काढली: मला कुणी उलट बोलायचं नाही. बीपी चढतं.

५ फेब्रुवारी
१६८/१००. मशीन नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागणार. वहीत १२४/८०.

१० फेब्रुवारी
मीठ आजपासून बंद.
दुपारी: मिरचीच्या खर्ड्यातलं मीठ यात धरलेलं नाही.

११ फेब्रुवारी
शेजारचा नानासो आला होता. म्हणाला, गड्या, बीपीच्या गोळ्यांनीच किडनी जातीया, माझ्या मेव्हण्याची गेली न्हवं का. पटलं. द्राक्षबागेच्या औषधांत अख्ख्या तासगावात त्याचा हात धरणारा नाही. दोनपैकी एक गोळी बंद, दुसरी दिवसाआड.

२४ फेब्रुवारी
१७६/१०४. बायको, म्हणजे रंगूबाई, मशीन रोज पुसून ठेवते. फार वेळ पुसते. त्यानंच बिघडलं असणार. वहीत ११२/७०.

३ मार्च, सांगली
किडनीचा रिपोर्ट: क्रिएटिनिन १.४ वरून २.१. डॉक्टरांनी वही चाळली. म्हणाले, बीपी फारच उतरतंय, किडनीला रक्त पुरत नसेल, एक गोळी कमी करू. बघा! मी आधीच केली होती. येताना एसटीत रंगूबाईला हे समजावून सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

९ मार्च
१९०/११२. पाच वेळा मोजलं. पाचव्यांदा १९४. खरं सांगायचं तर घाबरलो. पण आता सांगणार कुणाला? वही इतकी छान भरलीय.

१२ मार्च, सांगली
ॲडमिट. काल अंगणात कोसळलो. मेंदू वाचला. क्रिएटिनिन ३.४, डायलिसिसची भाषा चालू आहे. डॉक्टरांनी विचारलं, वहीतले आकडे खरे ना? म्हटलं, शंभर टक्के.
तेवढ्यात रंगूबाईनं पिशवीतून घरचं कॅलेंडर काढलं. रोजच्या तारखेखाली पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं: १६८, १७६, १९४. मशीन पुसताना मेमरीचं बटण दाबून शेवटचा आकडा बघायची म्हणे. डॉक्टर तिच्यावरच भडकले, मग इतके दिवस बोलला का नाहीत? तर म्हणते, आवं डाक्टर, ह्यास्नी उलट बोललं की बीपी चढतंय. ह्यांनीच सांगितलंय तसं.
मला पुष्कळ बोलायचं होतं. पण दंडाला पट्टा बांधलेला. सिस्टर म्हणाली, मोजताना बोलायचं नाही.
नाही बोललो.