प्रतिक्रियेतली मोकळी जागा

शेवगाव,
सोमवार, २६ फेब्रुवारी १९७३

प्रिय पुष्पा,

लंकाबाईने ते वाक्य आज सकाळी म्हटलं. रेशन दुकानासमोर, साडेनऊच्या सुमारास. मी ऐकलं, आणि माझ्या शेजारी मुलींच्या शाळेच्या मनकर्णाबाई उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. त्यांना विचारून खात्री करून घेतली आणि मगच घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो. लंकाबाई कोण, वाक्य कोणतं, ते सांगतोच. त्याआधी एक काम कर. शालन शाळेत असेल तर पोरीला घरी घेऊन ये आणि पत्र वाचून होईपर्यंत जवळ बसव. तिचा खोकला अजून जात नाही असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. दादाला उन्हाने चळ लागला असं तुझे यजमान सहादेवराव म्हणतील, म्हणू देत.

वीस वर्षं मी नगरच्या दैनिकाला बातम्या पाठवतो, पण या धंद्यातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. दिल्लीत अंदाजपत्रकाचं भाषण संध्याकाळी पाचला सुरू होतं. कर सांगायला अर्थमंत्री सहा वाजवतात. आमची नगरची शेवटची गाडी साडेपाचला सुटते आणि माझं पाकीट तिच्याच कंडक्टरकडे द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात मात्र ‘सर्वसामान्यांच्या प्रतिक्रिया’ हव्याच असतात. म्हणून मी त्या आधीच लिहून ठेवतो. माणसं खरी, नावं खरी, बोलणं माझं. काय महागलं ते माहीत नसतं, तिथे एका शब्दापुरती जागा मोकळी सोडतो. नगरच्या कचेरीतले लोक रेडिओ ऐकून ती भरतात. यात कुणाचं वाईट होतं असं कधी वाटलं नाही. लोकांना आपलं नाव छापून आल्याचा आनंदच होई.

दोन वर्षांपूर्वी निवडणुकीमुळे अंदाजपत्रक मे अखेरीस आलं. तेव्हा पुंजाराम शिंप्याच्या नावावर मी लिहिलं की मशीन विकलं, आता सुईदोऱ्यावर दिवस काढतो. त्याचं मशीन तेव्हा दुकानात खडखडत होतं. महिन्याभरात ते खरंच विकलं गेलं. स्टँडवर भेटला तर हसून म्हणाला, “वार्ताहर, लई खरं लिवलं हुतं तुमी. आता पुढल्या साली लिवा, पुंजारामाच्या लेकीचं लगीन झालं म्हनून!” मीही हसलो. ज्याचा धंदा बसत चाललाय त्याच्याबद्दल असा अंदाज कुणीही केला असता.

गेल्या वर्षी लंकाबाईची पाळी आली. ती स्टँडमागे राहते, मोलमजुरी करते. तिच्या घरात तेव्हा चार माणसं होती. तिच्या नावावर मी लिहिलं, “अमुक महाग झालं काय अन् स्वस्त झालं काय, आमच्या घरी दिवा लावून तोंड बघायचं कुनाचं?” रॉकेलवर कर येईल या हिशेबाने लिहिलं होतं, पण ‘अमुक’च्या जागी नेहमीसारखी मोकळी जागा. जागेअभावी ते छापलंच गेलं नाही. मी अंक काढून आज पुन्हा पाहिला. ना लंकाबाईला वाचता येतं, ना ते तिला कुणी सांगितलं. पावसाळ्यात, म्हणजे पाऊस यायला हवा होता त्या दिवसांत, तिचा नवरा भीमा तापाने गेला. दोन्ही लेकरं तिच्या भावाने पाणी असलेल्या गावी नेली. ती खडी फोडायला जाते आणि एकटी राहते.

आज रांगेत कुणीतरी बुधवारच्या बजेटचा विषय काढला. मी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. ती आपल्याशीच बोलल्यासारखी बोलली. माझं वाक्य, शब्दाला शब्द. पण पुष्पा, मी थिजलो ते त्यामुळे नाही. सुरुवातीला तिने ओठ हलवले आणि आवाज आला नाही. एका शब्दाएवढा वेळ ती थांबली, आणि मग पुढे म्हणाली, “महाग झालं काय अन् स्वस्त झालं काय.” कोणती वस्तू, ते ती बोललीच नाही. मी सोडलेली जागा तिने तशीच सोडली. मग पिशवी उचलून रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

मनकर्णाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी लोकांच्या तोंडी आपलं बोलणं घालतो हे त्यांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्या त्याच साडेपाचच्या गाडीने निघाल्या होत्या आणि माझ्या उघड्या पाकिटात त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. वर्गात आता मी आणि फळा एवढंच उरलं आहे, असं मी त्यांच्या तोंडी घातलं होतं. भर स्टँडवर म्हणाल्या, “गोरक्षराव, मला देवाने तोंड दिलंय. तुम्ही तुमचं वापरा.” तिथेच बाकावर बसून माझ्या ओळी खोडल्या आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं की चहा महागला तर गुळाचा पिईन, पण पोरींना गणित शिकवीनच. आज दुष्काळाने आजूबाजूचे वर्ग ओस पडलेत आणि त्यांच्या वर्गात बसायला जागा नाही. एवढं एकच उदाहरण माझ्यापाशी आहे, आणि त्याच आधारावर मी तुला लिहितोय. सकाळी त्यांनी मला एवढंच विचारलं, “यंदा कुणाचं लिहिलंत?”

चांगलं काही लिहून का पाहत नाही, असं तुझ्या मनात येईल. घरी आल्या आल्या पाहिलं. चार कागद फाडले. वीस वर्षं माणसांच्या तक्रारीच लिहिल्यामुळे सुखाचं वाक्यही अर्ध्यात वळतं आणि रडगाण्यावर जाऊन थांबतं. पाचवा कागद घेण्याची हिंमत झाली नाही.

यंदा संपादकांनी प्रतिक्रिया चार दिवस आधीच मागवल्या होत्या. मी शनिवारी पाठवल्या. साखर कारखान्याच्या भागातली एक गृहिणी हवी होती. त्या बाजूची माझ्या ओळखीची बाई एकच. मी लिहिलं, पुष्पावती, श्रीगोंदा. साखरेवर कर येईल असं धरून, वस्तूची जागा मोकळी ठेवून, तुझ्या तोंडी घातलं की महाग झाली तरी तक्रार नाही, घरात आता हट्ट करणारं कुणी उरलं नाही. लिहिताना शालनचा चेहरा एकदाही डोळ्यांपुढे आला नाही, हे तुला कसं सांगू? ते छापू नका म्हणून कळवलंय, पण लंकाबाईचं तरी कुठे छापलं होतं? म्हणून आता तू तुझं बोल. दोन ओळी पुरेत, तुझ्या अक्षरात, शालनचं नाव घालून, तुला जे म्हणायचं असेल ते. मला शिव्या घातल्यास तरी चालतील. हे पत्र उद्या सकाळी रंभाजी कंडक्टर तुमच्या दारात आणून देईल. तो मुक्कामाला तिथेच असतो आणि बुधवारी सकाळी परत निघतो, त्याच्याच हाती तुझ्या ओळी दे. त्याची गाडी चारपर्यंत इथे लागेल. मी स्टँडवर उभा असेन. पाचला भाषण सुरू होईल.

तुझाच,
गोरक्षदादा