रस्सा फाटू नये म्हणून

१३ जानेवारी, सोमवार
एवान्थिया गेली. लारिसाला, तिच्या बहिणीकडे, अग्लायाकडे. कायमची नाही, माझ्या नावाच्या सणापर्यंतच, म्हणजे एक फेब्रुवारी, ज्याचं नाव मला ठेवलंय त्या संत त्रिफोनचा दिवस. तरी घरात घालायच्या चपलासुद्धा घेऊन गेली. त्या न्यायची काय गरज होती?

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. नवीन वर्षाच्या दिवशी पाहुण्यांसमोर तिचा अवगोलेमोनो फाटला. अंडं आणि लिंबू फेटायचं, पातेल्यातला गरम रस पळीपळीनं त्यात ओतायचा, आणि सगळं परत पातेल्यात. एवढाच तो रस्सा. पण ती दर पळीला पातेल्याकडे बघून मुका घेतल्यासारखा आवाज करते. तिची आई करायची, आजी करायची. म्हणे त्यानं रस्सा फाटत नाही. मी थर्मामीटर घेऊन शेजारी उभा होतो. फक्त म्हणालो की हा पोरकटपणा आता बंद कर, लोक हसतायत. तिनं तोंड मिटून ओतला. फाटला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पहिल्यांदाच. मग मी पाहुण्यांना शांतपणे समजावलं की कामाला मेथड नसली की असंच व्हायचं. यात माझं काय चुकलं?

जाताना म्हणाली, सणाला तू स्वतः कोबीच्या पानांत खिमा-तांदूळ गुंडाळून दोल्मादेस कर, वर तो रस्सा कर. नाही फाटला तर जन्मभर तुझ्या काट्यानं मोजून शिजवीन. फाटला तर सगळ्यांसमोर म्हणायचं, ‘एवान्थियाचं बरोबर होतं.’

मंजूर म्हणालो. मी वजनकाटे दुरुस्त करतो. कोणापाशी शिकलो नाही, स्वतः उघडून बघून शिकलो. वोलोसच्या मासळीबाजारातला एकही काटा माझ्या हाताखालून गेल्याशिवाय खरं बोलत नाही. माझ्यापुढे अंडं म्हणजे काय चीज!

१४ जानेवारी, मंगळवार
थर्मामीटर कॅलिब्रेट केला. उत्साह भरपूर.

खालच्या मजल्यावरच्या फोतिनीबाईंना प्रमाण विचारलं. तांदूळ किती? म्हणाल्या, जेवढा घेईल तेवढा. लिंबू? मागेल तेवढं. पाणी? दोल्मादेस बुडले पाहिजेत, पण पोहायला नकोत. कोण घेणार, कोण मागणार, कधी मागणार, काही पत्ता नाही. या देशात इतकी वर्षं लोक जेवले कसे याचंच नवल वाटतं.

सगळी प्रमाणं स्वतः ठरवली. ग्रॅममध्ये.

१७ जानेवारी, शुक्रवार
पहिला प्रयत्न. पानं उकडली, खिमा-तांदूळ भरला, गुंडाळ्या केल्या. एकसारख्या. बघत राहावं अशा.

फोतिनीबाई म्हणाल्या होत्या, की वर एक बशी उपडी घाला. कारण विचारलं तर म्हणाल्या, घालतात. ज्याला कारण नाही ते मी करत नाही. नाही घातली.

तासाभरानं झाकण काढलं, तर पानं एकीकडे, खिमा दुसरीकडे. फोतिनीबाई नेमक्या तेव्हाच डोकावल्या आणि म्हणाल्या, अगंबाई, यांचाही काडीमोड झाला वाटतं!

मी हसलो नाही.

१९ जानेवारी, रविवार
एवान्थियाचा फोन. जेवतोस का, विचारत होती. म्हटलं, झकास चाललंय, इतका मोकळा वेळ मला कधी मिळालाच नव्हता. बरं, म्हणाली.  मागे अग्लायाच्या घरात कोणीतरी हसत होतं. काय शिजतंय तिकडे, असं विचारणार होतो. विचारलं नाही.

रात्रीचं जेवण: पाव, ऑलिव्ह, फेटा. कालचंच. परवाचंही.

२२ जानेवारी, बुधवार
शोध लागला. दोल्मादेसवर सपाट, गोल, जड वस्तू उपडी ठेवली तर ते उलगडत नाहीत. मी याला दाब-तबकडी म्हणतो. सध्या त्यासाठी बशी वापरली. फोतिनीबाईंना समजावून सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

रस्सा मात्र फाटला. अंड्यांचा दोष. दुकानातली अंडी शिळीच असणार. उद्या पोर्तारिया गावाहून गावठी आणतो.

२५ जानेवारी, शनिवार
गावठी अंडी. फाटला. लिंबांचा दोष.

एक वाटी अंगणातल्या मांजरीपुढे ठेवली. तिनं वास घेतला आणि पंजानं माती ओढून वाटी पुरायला लागली. मांजरं चंचल असतात.

२८ जानेवारी, मंगळवार
फाटला. पळीचा दोष, ती ॲल्युमिनियमची आहे. फोतिनीबाई दारातूनच म्हणाल्या, नाचता येईना, अंगण वाकडं. अहो त्रिफोनास, दोन मुके घ्या त्या पातेल्याचे, तुमच्या काय बापाचं जातंय?

मी त्यांना शांतपणे सांगितलं, की रस्सा फाटतो तो उष्णतेनं. त्याला कान नसतात आणि भावना तर नसतातच. त्या म्हणाल्या, मग तुमचं आणि त्याचं जमायला हवं होतं.

३० जानेवारी, गुरुवार
आमच्या लग्नाचा साक्षीदार स्तमातिस दुकानात आला. लग्नात आमच्या डोक्यावरचे मुकुट यानंच अदलाबदल केले, तेव्हापासून माझ्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर आपला हक्क आहे असं तो धरून चालतो. म्हणाला, शनिवारी सगळे येतोय, आणि अरे त्रिफोना, दोन दिवस उपाशी राहून येतोय. बायको परत आली का रे? तुझा रस्सा फाटला की तू काय म्हणायचंस ते मेरोपीनं पाठ करून ठेवलंय, अडलास तर मागून सांगेल.

मेरोपी म्हणजे याची बायको. माझ्या लक्षात राहील.

नावाच्या सणाची हीच पंचाईत. कोणाला बोलवावं लागत नाही, म्हणून कोणाला येऊ नको असंही म्हणता येत नाही. दार उघडं ठेवायचं, येतील त्यांना जेवायला घालायचं. दार बंद ठेवलं तर घरात कोणीतरी मेलंय असं समजून जास्तच येतील.

आज एका मासळीवाल्याचा काटा माझ्या हातून चुकीचा लागला. हे कधी झालं नव्हतं.

३१ जानेवारी, शुक्रवार
सकाळी फाटला. दुपारी फाटला.

शेवटी व्यवहारी निर्णय घेतला. बंदरावरच्या खानावळीत गेलो. मागच्या दारानं. आचाऱ्याला हळूच म्हटलं, उद्या दुपारी एक मोठं पातेलं गुपचूप माझ्याकडे पाठव. तो म्हणाला, उद्या खानावळ बंद आहे. का रे? तर म्हणाला, असं काय करता, तुमच्याचकडे जेवायला येतोय की!

घरी आलो. स्वयंपाकघरात उभा राहिलो. काहीतरी कमी आहे तिथं. सगळं जागेवर आहे, मी मोजून पाहिलं. तरी कमी आहे.

एवान्थियाला फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. फोनची तपासणी म्हणून लावला होता.

१ फेब्रुवारी, शनिवार
माझ्या नावाचा सण. दुपारी बैठकीत माणूस मावेना. ‘शंभर वर्षं जग’ म्हणत येतात, मिठाईचा डबा माझ्या हातात कोंबतात आणि पातेल्याच्या वासाकडे तोंड करून बसतात. बाहेर त्सिपुरो दारूच्या बाटल्या उघडल्या. आचारी हातात काटा-चमचा घेऊनच बसला होता. मेरोपी मोठ्यानं पाठांतर करत होती, ‘एवान्थियाचं बरोबर होतं, एवान्थियाचं बरोबर होतं.’ सगळे हसत होते.

मी आत. दार लावून घेतलं. दोल्मादेस उत्तम, तबकडीमुळे. शेवटची अंडी फेटली. थर्मामीटर लावला. पहिली पळी भरली आणि घाईघाईनं ओतली. कडेला बारीक पांढरे कण दिसायला लागले. बैठकीत स्तमातिस ओरडला, अरे त्रिफोना, पातेलं आणतोस का पाद्री बोलावू?

मग मी एक प्रयोग केला.

च्च.

हळूच. दुसरी पळी. च्च. धार बारीक झाली. ओठ बाहेर काढून मुका घ्यायचा म्हणजे माणसाला थांबावंच लागतं, घाईनं ओतताच येत नाही. तिसरी. च्च, च्च. मग कोणी बघत नव्हतं म्हणून जरा मोकळेपणानं. पाच, सहा, मोठमोठे. रस्सा सायीसारखा गुळगुळीत, फिकट पिवळा. मी त्या पातेल्याला आणखी दोन दिले. गरज नव्हती.

 पातेलं घेऊन गेलो तर सगळे माझ्याकडे बघून गालात हसतायत. पहिला घास आचाऱ्यानं घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, आली! एवान्थिया आली! हा हात तिचाच! स्तमातिस म्हणाला, मग, आम्ही काय बहिरे आहोत? मघापासून आत काय चाललंय ते ऐकतोय की आम्ही. शाबास रे पठ्ठ्या, या वयात! आणि सगळे ग्लास उंचावून ओरडायला लागले, एवान्थिया, बाहेर ये! एवान्थिया, बाहेर ये!

मला दोनच वाटा होत्या. मी म्हणालो, ती दमलीये, झोपायच्या खोलीत पडलीये.

मेरोपी ताट घेऊन तिकडे गेली. पलंगावर पाहुण्यांचे कोट होते. परत आली, ताट खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, त्रिफोना, आत कोणाचे मुके घेत होतास?

सगळ्या बैठकीनं फोतिनीबाईंकडे पाहिलं. त्या ताडकन उठून म्हणाल्या, मी कधीपासून या खुर्चीत बसलेय, विचारा कोणालाही! माझी निवड एवढी वाईट नाही!

मला सांगावं लागलं. कोणी विश्वास ठेवेना. सगळ्यांसमोर, रिकाम्या पातेल्याशी, पुन्हा करून दाखवावं लागलं. आचाऱ्याला ठसका लागला. मेरोपीनं तेवढ्यात लारिसाला फोन लावला होता, तोही आवाज मोठा करून.

एवान्थियानं विचारलं, फाटला?
नाही, म्हटलं.
मुका घेतलास?
म्हटलं, वाफ नियंत्रित करण्यासाठी ओठांची एक हालचाल केली. माझी मेथड आहे.

बैठकीत कोणी हसलंसुद्धा नाही. सगळे वाट बघत होते. मेरोपी मागून पुटपुटत होती, म्हण, म्हण की. फोनमध्ये एवान्थियाचा श्वास ऐकू येत होता. ते वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. पण काटा जे दाखवतो ते दाखवतो. मी म्हणालो, रस्सा फाटला नाही, तेव्हा करारानुसार मी जिंकलो.

ती म्हणाली, बरं. उद्याच्या बसनं येते.

विजय!

२ फेब्रुवारी, रविवार
एवान्थिया आली. चपला जागेवर.

आल्याआल्या एप्रन बांधला आणि माझ्या प्रमाणांचा कागद मागितला. शब्द पाळणारी बाई आहे. कांदा मोजला, तांदूळ मोजला, लिंबाचा रस मोजला. थर्मामीटर लावला. सगळं माझ्या आकड्यांप्रमाणे, तसूभर इकडेतिकडे नाही. तोंड मिटून ओतला.

फाटला.

तसाच वाढला. मी म्हटलं, अगं, ते तू नेहमी करतेस ते? म्हणाली, ते तुझ्या कागदावर नाही. मी म्हटलं, आता लिहितो. म्हणाली, किती ग्रॅम?



म्हातारे म्हणतात, आजच्या दिवशी जे हवामान असेल तेच पुढे चाळीस दिवस राहतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी दोनदा खिडकीतून पाहिलं. पाऊस.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती पाठमोरी भांडी घासत होती.  मग हळूच, ओठ बाहेर काढून, च्च केलं.

वळलीसुद्धा नाही. म्हणाली, पातेलं तिकडे आहे.