तुम्ही काय, घरच्याच!

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

आठवतं का, मागच्या पायरीवर बसून आपण दोघी एकाच बिनकानाच्या कपातून चहा प्यायचो? कानवाले कप आई पाहुण्यांसाठी फडताळात जपून ठेवायची. तू एकदा रुसून कारण विचारलंस, तर ती म्हणाली, "तुम्ही काय, घरच्याच!" मग फ्रॉकच्या टोकात तो गरम कप धरून एक घोट तू, एक घोट मी. (तुझे घोट मोठे असायचे. मी विसरलेले नाही.) तेव्हा तो शब्द मला जवळ घेतल्यासारखा वाटला होता. आता कानावर पडला की अंगावर काटा येतो. का, ते सांगायलाच बसले आहे.

आधी तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. मेहुण्यांच्या खोकल्याचंही लिही. (त्यांना म्हणावं, थंडीत खिडकी उघडी टाकून झोपण्यात काही पराक्रम नाही.) माझा ताप उतरला आहे, तोंडाची चव परतलेली नाही आणि राग मात्र ठणठणीत आहे.

आमचं एकोपा मंडळ तुला ठाऊक आहे. हे गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून मी गावातल्या चार माणसांना पुढच्या खोलीत बोलावलं, तिथून ते सुरू झालं. गावात कुणी एकटं पडू नये, आजाऱ्याची कुणीतरी विचारपूस करावी, नदीपलीकडे नव्याने राहायला आलेल्यांना कुणी परकं म्हणू नये, एवढाच हेतू. निवृत्त पोस्टमास्तर अध्यक्ष झाले, कारण त्यांचा आवाज मोठा आहे आणि तो त्यांना फार आवडतो. शिंपीणबाई चिटणीस झाल्या. पदं वाटली जात होती तेव्हा मी आत चहा करत होते. बाहेरून पोस्टमास्तरांचं बोलणं ऐकू आलं, की बाईंना पद कशाला, त्या काय, घरच्याच. मला अगदी भरून आलं गं. (मूर्ख!) पुढे हळूहळू उमगलं, की या गावात पाहुण्याला खुर्ची मिळते आणि घरच्याला ती पुसायला मिळते.

गेल्या आठवड्यात मंडळाचं सहभोजन झालं. अलीकडचे, पलीकडचे, सगळे एका पंगतीला, ही कल्पना माझीच. प्रत्येकाच्या ताटाशी त्याच्या नावाची चिठ्ठी ठेवायची, म्हणजे कुणाला आपण आगंतुक आहोत असं वाटायला नको. माझं कॉन्व्हेंटचं वळणदार अक्षर, तेव्हा चिठ्ठ्या मीच लिहिल्या. स्वतःची मात्र लिहिली नाही. आपलं नाव आपण पुढे करायचं नाही, ही सिस्टरांची शिकवण (छडीसकट) अजून हाडात आहे. म्हणून एक कोरी चिठ्ठी पोस्टमास्तरांच्या टेबलावर मुद्दाम दिसेल अशी ठेवली. सकाळी जाऊन पाहते तर त्यांनी तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘चपला येथे काढाव्यात’, आणि ती दाराशी चिकटवली होती. माझ्या जागी चपला बसल्या, धाकटे. मी वाढायला उभी राहिले.

शेवटी भाषण झालं. पोस्टमास्तरांनी लाउडस्पीकरवाल्यापासून पाऊस न पाडणाऱ्या ढगांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, की घरच्या माणसांचे आभार मानायचे नसतात. टाळ्या पडल्या. मी हातातल्या डावासकट हसले. पलीकडच्या गवंड्याची म्हातारी आई तेवढी आत आली आणि म्हणाली, "अगं, तू जेवलीस का?" ती नवीन आहे, तिला मी घरची आहे हे कुणी सांगितलं नसावं.

त्याच रात्री मला ताप भरला. आजाऱ्यांना भेटायला मंडळाचं रुग्णभेट पथक आहे. (तेही मीच काढलं, मीच त्याची प्रमुख.) मला वाटलं, आता येतील. कुणी फिरकलं नाही. प्रमुखांनी सांगितल्याशिवाय पथक जात नाही, आणि प्रमुख तापात बडबडत होत्या. अखेर एकदा दार वाजलं. मी भिंत धरत धरत जाऊन उघडलं. पथकच होतं! त्यांना थर्मास हवा होता, दुसऱ्या आजाऱ्याकडे न्यायला. शिंपीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तोंड किती उतरलंय तुमचं! जरा स्वतःकडेही बघत जा." मी थर्मास विसळून दिला.

बाकी सर्व क्षेम. काळजी नसावी.

तुझी,
ताई

ता. क. काळजी असावी. मला तुझ्याकडे यायचं आहे, कायमचं. पण एक अट आहे. तुझ्या घरी पाऊल टाकलं की मी थेट ओट्याशी जाते आणि तूही जाऊ देतेस. या वेळी तसं नको. मला रीतसर पत्र लिहून बोलाव, मेहुण्यांना न्यायला पाठव, आणि आल्यावर बस म्हण.

ता. क. २. मी जाणार हे कुठून तरी फुटलं. पोस्टमास्तर आताच येऊन गेले. मंडळ मला निरोप देणार आहे. जाणार म्हणजे आता मी पाहुणी झाले, तेव्हा या खेपेला माझ्या नावाची चिठ्ठी ठेवायचं ठरलं आहे. कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडेच देऊन गेले. अक्षर माझं चांगलं ना.

ता. क. ३. सामानाचं असं ठरवलं आहे. मी विसरले तर तू आठवण करून दे. खुर्च्या मंडळाला. त्यातली डुगडुगणारी अध्यक्षांना, भाषणं आटोपशीर होतील. मोठं पातेलं शिंपीणबाईंना, तसंही ते कधीचं त्यांच्याकडेच आहे. थर्मास पथकाला, आणि पथकाला नवा प्रमुख, शक्यतो धडधाकट. आईचे कानवाले कप सगळेच्या सगळे गवंड्याच्या आईला. बिनकानाचा कप मी कुणालाही देणार नाही. तो साडीत गुंडाळून घेऊन येते आहे. पहिल्या दिवशी मला तुझ्याकडचा कानवाला कप दे, बशीसकट. दुसऱ्या दिवसापासून हा काढू. पहिला घोट माझा.